अहमदाबादच्या फायनलची उरलेली षटकं

हणमंतरावांशी, म्हणजे तात्यांशी, माझी ओळख वादातून झाली. मी बारामतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते; ते साखर कारखान्यात ऊसगाड्यांचे वजन करत. सभासद नसताना ते त्र्याऐंशीची वर्तमानपत्रे मागत होते.

"बाई, फायनलला वेस्ट इंडीज एकशेचाळीसात गेली. काट्यावरचा एक जण एकशेबेचाळीस म्हणतोय."

"आधी अर्ज भरा."

त्यांनी भरला. एकशेचाळीसच निघाले. "आता त्याच्याकडं बघतो," म्हणत तात्या निघून गेले.

एकदिवसीय विश्वचषकाची प्रत्येक फायनल, पंच्याहत्तरच्या पहिलीपासून, त्यांनी ऐकत किंवा पाहत चेंडूगणिक वहीत उतरवली आहे. त्यावरून ते फायनलींचा इतिहास लिहीत आहेत आणि मी मुद्रिते तपासते. एकोणीसच्या फायनलपाशी आम्ही अडलो. सामना बरोबरीत, जादा षटकही बरोबरीत, चौकारांच्या मोजणीवर इंग्लंड विजेते. तात्यांनी निकाल लिहिला, 'बरोबरी'.

"तात्या, जगाने इंग्लंडला विजेते मानले आहे."

"मानू द्या की. दोन्हीकडं वजन सारखं भरलं, तर मी कुणाची गाडी जड लिहू?"

शेवटी 'बरोबरी, चषक इंग्लंडकडे' असे छापायचे ठरले. मला ते अजूनही पूर्ण पटलेले नाही.

माझा पाय मोडला तेव्हा ते इंदापूर तालुक्यातल्या कळसहून एसटीने दर आठवड्याला येत आणि पहिल्या फायनलची वही वाचून दाखवत. "ऑस्ट्रेलियाचे पाच जण धावबाद झाले, बाई. तुमचा एकच पाय गेलाय." त्या महिन्यात मी हसले ते तेवढ्यावरच.

यंदा त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त गौरव समिती हा अंक काढत आहे; पुस्तक मात्र अपुरे होते. तेवीसची अहमदाबादची फायनल पाहताना ऑस्ट्रेलियाची भागीदारी फुटेना, तेव्हा तात्या आयुष्यात प्रथमच वही मिटून उठले. राहिलेली षटके मोबाईलवरून उतरवून घ्या, असे गौरव समितीने सुचवले. "जो चेंडू मी ऐकला न्हाय, तो लिहिणार न्हाय," त्यांचे उत्तर. दरम्यान काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला. दुसऱ्याची शस्त्रक्रिया लवकर करा, पण तो वाचेलच याची खात्री देता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तात्यांनी ती पुढे ढकलली.

"आधी मॅच संपवू."

"आधी डोळा," मी म्हणाले.

"डोळा गेल्यावर लिहू कशानं?"

समालोचनाचे ध्वनिमुद्रण मिळवून मी कळसला जाऊ लागले. ते एक चेंडू ऐकत, थांबवायला सांगत, वहीवर वाकून लिहीत. एका बैठकीत जेमतेम चार षटके होत. मी सारखी कॅलेंडरकडे पाहत असे. "बाई, तुमी लई घाई करता," ते म्हणत. हो, करत होते.

गेल्या गुरुवारी शेवटचा चेंडू झाला. 'ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून विजयी' हे शब्द त्यांनी स्वतः लिहिले. अक्षरे ओळ सोडून खाली उतरली आहेत. ते पान तसेच छापावे, असे मी मुद्रकाला बजावले आहे.

"घ्या तुमचं पुस्तक. आता डॉक्टरला सांगा, मी मोकळा हाय."

मंगळवारी शस्त्रक्रिया आहे. हा अंक छापून येईल तेव्हा निकाल तुम्हाला ठाऊक असेल, मला आज नाही. हणमंतराव शतायुषी व्हावेत, धडधाकट राहावेत, एवढे म्हणून मी थांबणार नाही. स्वतःचे पुस्तक त्यांनी स्वतः वाचावे.