सासऱ्यांनी पाहिलेलं कोकण

आमचं गाव हिवरे बाजारपासून थोड्याच अंतरावर. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या दादांनी, उमेदीची सगळी वर्षं गावच्या डोंगरावर चर खणण्यात, बांध घालण्यात आणि इतरांना त्या कामाला जुंपण्यात घालवली. गावात टँकर यायचा बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. दादांचं त्यावरचं भाषण मात्र अजून चालू आहे. अशा माणसाला मे महिन्यात समुद्र दाखवायला न्यायचं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. एरवी त्याला भाजी कोणती आणायची तेही सुचत नाही.

कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात आम्ही खोल्या घेतल्या. खोल्यांचे मालक साठीचे, बोलायला गोड. चहाबरोबर त्यांनी काय काय बघायचं ते सांगितलं. डॉल्फिन बघायला मेहुण्याची होडी, मासे खायला चुलतभावाची खानावळ, कोकम सरबताला बहिणीचं दुकान. त्या गावात बघण्यासारखं जे जे होतं, ते देवाच्या कृपेने त्यांच्याच नात्यात होतं. किल्ला तेवढा सरकारचा.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाऊस किती पडतो हितं?"

"विचारू नका!" मालक अभिमानाने म्हणाले. "जूनपासून पागोळ्या थांबत नाहीत."

"आन् ते पानी जातं कुठं?"

मालकांनी समुद्राकडे बोट दाखवलं. "जाणार कुठं? तिथं."

दादांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा झाला.

मग आमची सहल सुरू झाली. किल्ल्यावर आम्ही तोफा पाहिल्या. दादांनी पाण्याचं टाकं पाहिलं आणि यातला गाळ शेवटचा कधी काढला, असं पहारेकऱ्याला विचारलं. तो बिचारा तेव्हापासून आमच्या आसपास फिरकला नाही. होडीत मेहुण्यांनी "ते बघा, ते बघा!" असं ओरडून आम्हाला भरपूर लाटा दाखवल्या. दादा समुद्राकडे पाठ करून बसले होते, डोंगराचा उतार न्याहाळत.

"एवढा डोंगर, आन् एक चर न्हाई," ते म्हणाले.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. होडी लागली म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणीच नव्हतं. मालक ओशाळून दारात आले. "विहीर आटलीय हो. टँकर येतोय इतक्यात."

तोंडातला पेस्टचा फेस तसाच ठेवून दादा बाहेर धावले. समुद्र पाहून जे व्हायला हवं होतं, ते त्यांचं टँकर पाहून झालं. सूर्यास्ताच्या वेळी न हसलेले दादा टँकरसमोरच्या फोटोत मनापासून हसले आहेत.

"आमच्यात तुमच्या पाव पाऊस न्हाई," ते मालकांना म्हणाले, "तरी टँकर न्हाई." आणि अंगणातच उतार कुठला, चर कसे, बांध कुठं, सगळं समजावून सांगितलं. आता गावात काय करायचं ते पाहुणाच सांगत होता.

मालकांनी पूर्ण ऐकलं आणि ते म्हणाले, "काका, हा जांभा दगड. नुसती चाळण आहे. वर ओतलं की खाली गेलं. तुमचे चर भरतील आणि लगेच रिकामे होतील."

दादा गप्प झाले. लग्न होऊन आल्यापासून मी हे पहिल्यांदाच पाहत होते. सासूबाईंनी मालकांकडे अतिशय आदराने पाहिलं.

"दगड दाखवा मला," अखेर दादा म्हणाले.

दोघं मागच्या टेकडीवर गेले ते दुपारी जेवायलाच परतले. लाल मातीने माखलेले, एकमेकांचं अजिबात न पटलेले आणि कमालीचे खूश. नवऱ्याने बेत आखलेली दोन देवळं आणि दीपगृह तेवढ्यात राहून गेलं, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

पावसाळा लागल्यावर मालकांचा फोन आला. आंब्याच्या बागेमागे त्यांनी हट्टाने थोडे चर खणून घेतले होते.

"पानी थांबतं का?" दादांनी ओरडून विचारलं.

"थांबतं. दुसऱ्या दिवशी जातं."

"एक दिस तर एक दिस!" दादा म्हणाले आणि फोन ठेवून मला चहा टाकायला सांगितला. आता त्यांना भर पावसात पुन्हा तिकडे जायचं आहे. सासूबाईंनी आतापासूनच गुडघे धरून बसायला सुरुवात केली आहे.