बंदूक कशाला म्हणायचं?

नोकरी संपली तेव्हा मुद्देमालाच्या खोलीची किल्ली माझ्याकडून सही घेऊन परत घेतली. यादीप्रमाणे एकेक वस्तू मोजून घेतली. कुऱ्हाडी, कुलपं, एक घंटा, सतरा चपला. किस्से मात्र कुणी मागितले नाहीत! त्यामुळे ते सगळे माझ्याकडेच राहिले, आणि चार मंडळी जमली की एकातून दुसरा बाहेर येतो.

मी बेळगावच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात कारकून होतो. राज्य इंग्रजांचं. जप्त झालेली हत्यारं सांभाळणं आणि खटल्याच्या दिवशी ती टेबलावर मांडणं हे माझं काम. हत्यारांचा कायदा सांगायला सोपा होता: परवान्याशिवाय बंदूक बाळगली की तुरुंग. पण बंदूक कशाला म्हणायचं? जिच्यातून गोळी सुटते ती बंदूक. मोडलेली आहे पण दुरुस्त होते, तीही बंदूकच. आणि जी बंदुकीसारखी दिसते पण कधी सुटलीच नाही आणि सुटणारही नाही, ते खेळणं. आता हे ठरवणार कोण? मॅजिस्ट्रेटसाहेब पुण्याकडचे, पुस्तकातले. फौजदारांना तर लांब आणि काळं काहीही दिसलं की बंदूक वाटायची!

म्हणून बोलावलं जायचं रामाप्पा मिस्त्रींना. कॅम्पाच्या, म्हणजे गोऱ्या पलटणीच्या छावणीच्या, कडेला त्यांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. अंगात बंडी, डोक्याला पटका, आणि हात असे की लोखंडानं त्यांना ओळख द्यावी. त्यांच्या तोंडून ‘बंदूक’ निघालं की आरोपी आत, ‘खेळणं’ निघालं की आरोपी घरी. मी अनेक वकील पाहिले, दोन बॅरिस्टर पाहिले. आप्पांसारखा माणूस पुन्हा पाहिला नाही.

*

माझी पहिलीच केस. मुद्देमालात तीन बंदुका होत्या. त्यांतली एक लाकडाची, वरून काळा रंग दिलेली, पण इतकी हुबेहूब की मी स्वतः फसलो होतो. तिन्ही टेबलावर मांडून मी बाजूला झालो. आप्पा अजून दारातच होते. जोडे काढता काढता म्हणाले, “मधली खोटी हाय.”

साहेब उखडले. “मिस्त्री, हात न लावता?”

“मी कशाला हात लावू साहेब? ह्या कारकूनसाहेबांनी लावला की! दोन आणताना त्यांचा खांदा वाकला, मधली आणताना न्हाय वाकला.”

त्या दिवसापासून मी मुद्देमाल आणताना सगळ्याच वस्तूंना खांदा वाकवू लागलो.

*

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीवरचा एक पहारेकरी पकडला होता. त्याच्याकडे ठासणीची बंदूक. म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजानं ठासायचे, आणि मागच्या बाजूच्या बारीक भोकातून आत ठिणगी पोचवायची. त्या भोकाला म्हणतात कान. पहारेकरी शपथेवर सांगत होता, “नुसती दाखवायची हाय साहेब, कान बुजलाय हिचा, लई वर्सं झाली.”

आप्पांनी कनवटीची डबी काढली, निपाणीची अस्सल तपकीर चिमूटभर घेतली आणि बंदुकीच्या कानावर ठेवली. मग नळीच्या तोंडाला ओठ लावून हलकेच फुंकर घातली. साहेब नीट दिसावं म्हणून पुढे वाकले होते. तपकीर उडाली ती सरळ साहेबांच्या नाकात! एक, दोन, तीन, सात शिंका!

आप्पा शांतपणे म्हणाले, “कान उघडा हाय. बंदूक हाय.”

साहेब डोळे पुसत माझ्यावर ओरडले, “शिंका रेकॉर्डवर घेऊ नका!” मी चार लिहून मोकळा झालो होतो.

*

एकदा एका नाटक कंपनीचं पिस्तूल जप्त झालं. खलनायक रोज तिसऱ्या अंकात ते झाडायचा. चाप ओढला की घोडा पडायचा, टिकली वाजायची, धूर निघायचा. पुढच्या रांगेतल्या एका फौजदाराला ते खरं वाटलं आणि चौथ्या अंकाआधीच खलनायकाला अटक झाली. नायकाला त्या दिवशी मारायला कुणी उरलं नाही.

कोर्टात खलनायक थरथरत उभा. आप्पांनी काडेपेटीतली एक काडी मागितली, पिस्तुलाच्या नळीत घातली. अर्धी आत गेली आणि अडली. पुढे भरीव लोखंड!

“साहेब, जितं काडी मावंना, तितं गोळी कुटनं मावंल?”

सरकारी वकील हटणारे नव्हते. “पण मिस्त्री, पुढे भोक पाडलं तर? मग होईल ना बंदूक?”

“भोक काय, माझ्या तांब्यालाबी पाडता येतंय वकीलसाहेब. म्हनून तांब्याचं लायसन काढू व्हय?”

खलनायकानं भर कोर्टात आप्पांचे पाय धरले. त्याचा इतका चांगला अभिनय कंपनीनंही कधी पाहिला नव्हता म्हणे.

*

आता जरा उलटा किस्सा. खानापूरच्या रानातला एक शेतकरी, परश्या नावाचा. भातात डुकरं शिरायची म्हणून त्यानं घरीच काहीतरी बनवलं होतं. पाण्याच्या पाइपाचा तुकडा, बाभळीचा दस्ता, तारेनं आवळलेला, आणि घोड्याच्या जागी दाराची कडी! टेबलावर ठेवल्याबरोबर कोर्ट हसायला लागलं. त्याचा वकील म्हणाला, “साहेब, ही आंबे पाडायची काठी आहे.” साहेबही हसले. केस तिथंच सुटणार होती.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी ती वस्तू उचलली, कडी मागे ओढली, सोडली, पुन्हा ओढली. पाइपाचं मागचं तोंड कसं बंद केलंय ते नखानं चाचपलं. मग त्यांनी ती कपाळाला लावली!

“ही बंदूक हाय साहेब. आन् कॅम्पातल्या पोलादाला हार जायची न्हाय. ज्यानं केली त्याच्या हातात द्येव हाय.”

पिंजऱ्यात परश्याची छाती फुगली. “मीच केली आप्पा! येकट्यानं! कडी बी मीच बशिवली!”

वकिलानं कपाळावर हात मारला. परश्याला तीन महिने झाले.

आप्पा त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन बसले. चहा सांगितला तो निवून गेला. “अण्णा,” मला म्हणाले, “खरं बोललो. पर कौतिक करायला नको हुतं. त्या कौतिकानं मानूस आत गेला.” परश्या सुटला त्या सकाळी आप्पा तुरुंगाच्या दारात उभे होते, त्याला आपल्या दुकानात कामाला घेऊन गेले. पण त्या केसनंतर साक्ष द्यायला येताना त्यांचा चेहरा पूर्वीसारखा राहिला नाही, हे मी पाहिलंय.

*

माझ्यावरही एकदा बेतलं होतं. दोन केसमधल्या दोन बंदुका मी तेल लावायला एकत्र काढल्या आणि चिठ्ठ्या बांधताना घोळ केला. ह्याची त्याला, त्याची ह्याला. एक खरी होती, एक शोभेची. दोन्ही जप्त होऊन आल्या तेव्हाच आप्पांनी एकदा पाहिल्या होत्या. साक्षीच्या वेळी आप्पांनी समोरची बंदूक उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, “साहेब, चष्मा दुकानात ऱ्हायला. उद्या येतो.”

आप्पांनी जन्मात चष्मा लावला नव्हता. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, “चिठ्ठ्या बगा.” माझी नोकरी त्या दिवशी त्यांनी वाचवली. शोभेची बंदूक बाळगणारा एक निरपराध माणूसही वाचवला. नाहीतर माझ्या गाठीपायी तो तुरुंगात गेला असता, हे आठवलं की आजही घाम फुटतो.

*

आता शेवटचा.

युद्धाची वर्षं होती. वरून कडक हुकूम आलेले, विनापरवाना हत्याराला दयामाया नाही. खंडेनवमीला सगळे आपापल्या अवजारांची पूजा करतात. वडगावचा नागाप्पा विणकरही करायचा. मागाचा धोटा मांडायचा, फणी मांडायची, आणि त्यांच्या शेजारी आज्ज्याच्या वेळची एक ठासणीची बंदूक. आज्जा कुठल्याशा संस्थानात पहाऱ्यावर होता. फौजदार ऐन पूजेत घरात शिरले आणि हळद-कुंकवासकट बंदूक उचलून आणली. टेबलावर ठेवली तेव्हा दस्त्याला झेंडूची पाकळी चिकटलेली होती.

नागाप्पा सत्तरीचा. घरात म्हातारी आणि विधवा सून. माग चालवणारा तो एकटाच. “हत्यार तुझं?” साहेबांनी विचारलं.

“माजं न्हाय साहेब, आज्ज्याचं. मी निस्ती पूजा करतो.”

बंदुकीचा घोडा तुटलेला होता. आतली कमान गायब, चाप लोंबकळत होता. पण नळी शाबूत, दरवर्षी पूजेआधी तेल लावून चकचकीत ठेवलेली. सरकारी वकिलांनी एवढंच म्हटलं, “मोडली आहे हे मान्य. दुरुस्त होत असेल तर कायद्यानं ती बंदूकच. मिस्त्रींना विचारा.” म्हणजे सगळं एका प्रश्नावर आलं. ‘होईल’ म्हणाले की नागाप्पाला निदान वर्षभर.

आदल्याच महिन्यात कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाची, याहून वाईट मोडलेली बंदूक आप्पांनी तीन दिवसांत उभी केली होती. मी स्वतः पाहिली होती. आणि बंदुकीबाबत आप्पा शपथेवर खोटं बोलले, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

आप्पांनी बंदूक खिडकीपाशी नेली. कुंकवाला बोट लागू न देता फिरवली. नळीत पाहिलं. मग नागाप्पाच्या हातांकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी कुठल्याच बंदुकीला लावला नव्हता.

“बोला मिस्त्री. दुरुस्त होईल?”

“न्हाय साहेब.”

“का नाही?”

“मला येत न्हाय.”

कोर्टात पंख्याची दोरी ओढणारासुद्धा थांबला. तीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. कारागिराला याहून कठीण वाक्य नाही.

सरकारी वकील ताडकन उठले. “मिस्त्री, तुमच्या दुकानावर पाटी आहे! ‘सर्व प्रकारच्या बंदुका दुरुस्त करून मिळतील.’ मी रोज वाचतो!”

“पाटी लिवली तवा मी तरना हुतो वकीलसाहेब. पाटी चुकलीया.”

“मग दुसरा कुणी करेल!”

इथं मात्र आप्पांची मान वर आली. “मला येत न्हाय म्हंजे ह्या जिल्ह्यात कुनालाच येत न्हाय. हे लिवून घ्या.”

साहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “घ्या लिहून.”

नागाप्पा सुटला. व्हरांड्यात तो पाया पडायला वाकला तर आप्पांनी पाय मागे घेतले. “जा, माग सुरू कर.” फौजदार शेजारून जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले, “म्हातारा झालास मिस्त्री!” संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कॅम्पभर झाली. आप्पांना खरं काय ते विचारावं असं ओठांवर आलं होतं, पण धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या दुकानावरून कचेरीला गेलो. आप्पा स्टुलावर चढून पाटीवरच्या ‘सर्व’ या शब्दाला चुना फासत होते.