बधिर बोटांची बांगडीवाली

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मुलुंडच्या मंडईबाहेर बसणारी ती बांगडीवाली हाताकडे न बघता बांगड्या भरायची. नजर रस्त्यावर, तोंडाने गप्पा, आणि बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही. त्या श्रावणात मात्र ती माझ्या तोंडाकडे टक लावून बसली.

"काय झालं, मावशी?"

"बोटं बधिर झालीत. डॉक्टर म्हणतो साखर असंल, मानेचं असंल, नायतर मनगटात नस दबली असंल. तपासायला दिलंय."

"मग थोडे दिवस घरी बसा ना."

"घरी बसून बोटं जागी होणारेत?" म्हणत तिने बांगडी रेटली. अंगठ्याच्या हाडाशी कळ आली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी हसले. तेवढ्यात काच पिचली आणि माझ्या हातातून रक्त आलं.

पदराने ते पुसता पुसता ती माझ्यावरच डाफरली, "दुखलं तर तोंड वाकडं करायचं, ताई! हसायचं नाय. मला आता तुमच्या तोंडावरनंच कळतं."

तिने दुसरी बांगडी घेतली. या वेळी मी लाज सोडून "आई गं!" म्हणून ओरडले. ती थांबली, माझा हात जरासा वळवला, आणि बांगडी अलगद आत गेली.