अतीकभाईंचे नवे पिकअप

शुक्रवार पेठेत रिक्षांच्या सीटा शिवणाऱ्या अतीकभाईंना कुणी कुशनवाला म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. ते गिटारवाले होते. कुशनचं काम पोटापुरतं, आणि पोटाचं नाव माणसाला चिकटवू नये असं त्यांचं ठाम मत होतं. अनिलकुमारांच्या ऑर्केस्ट्रात ते ऐन पंचविशीत शिरले. पुढाऱ्यांचे वाढदिवस, शाळांची गॅदरिंगं, मंडळांचे कार्यक्रम, सगळीकडे वाजवून झालं. गाणाऱ्या पोरी आल्या, लग्नं करून गेल्या, ढोलकवाला दुबईला जाऊन एसीच्या कामाला लागला. अतीकभाईंची दाढी पांढरी झाली तरी स्टेजचा डावा कोपरा त्यांचाच राहिला.

गेल्या वर्षापासून मात्र गिटारीनं एक खोड काढली होती. स्टेजमागं एलईडीचा पडदा लागला की ती गुणगुणायला लागे. वाजवा, नका वाजवू, डब्यात माशी कोंडल्यासारखी घूं घूं चालूच. दोष पिकअपचा होता. गिटारीच्या तारांखाली चुंबकावर बारीक तार गुंडाळलेल्या पट्ट्या असतात, त्या पिकअप. तारेची थरथर पकडून त्याच ती पुढं स्पीकरला देतात. अतीकभाईंच्या पट्ट्या जुन्या, त्यातून एकेरी गुंडाळीच्या, म्हणजे आसपासच्या विजेची सगळी घाण ओढून घेणाऱ्या. एका कार्यक्रमानंतर अनिलकुमार सगळ्यांदेखत म्हणाले, त्या गिटारीचं काहीतरी करा, नाहीतर गिटारच नको. अतीकभाईंना ते फार लागलं. रात्री जेवण गेलं नाही.

मग निवड सुरू झाली. गावातल्या वाद्यांच्या दुकानदारानं नवी गिटारच घ्या असा सल्ला दिला. अतीकभाई त्याच्याशी त्यानंतर बोलले नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते सीटांच्या ढिगावर बसून कानात इअरफोन घालून मोबाईलवर पिकअप ऐकत. दुहेरी गुंडाळीचे घेतले तर गुणगुण साफ बंद, पण आवाज जाडा, वर चादर पांघरल्यासारखा. एकेरी घेतले तर तार खणखणीत, पण पडदा लागला की पुन्हा तीच माशी. तिसरा प्रकार वरून एकेरीसारखा दिसणारा, आत मात्र एकीखाली एक अशा दोन गुंडाळ्या. त्यात गुणगुण नाही आणि खणखणाटही बऱ्यापैकी राहतो. पण त्यातही एकाचा आवाज काचेसारखा तर दुसऱ्याचा जरा ऊबदार. काच की ऊब यावर त्या माणसानं दोन महिने काढले. रिक्षावाले सीटांसाठी खेटे घालत होते आणि हा बाबा डोळे मिटून बसलेला.

शेवटी त्यांची बायको झीनत वैतागली. अतीकभाईंनी तिच्याच कानात इअरफोन घातला आणि दोन्ही ऐकवले. कणकेचे हात तसेच धरून तिनं ऐकलं. तिला गिटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवऱ्याचं वाजवणं ती लग्नापासून ऐकत आली होती. दुसऱ्यावर ती म्हणाली, "येईच लेव. इसमें तुमारा हात समजताय."

यात तुमचा हात कळतो, असं आजवर त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी तेच मागवले.

या मधल्या काळात जुन्याच पिकअपवर कार्यक्रम चालू होते. नवल म्हणजे गुणगुणीबद्दल अनिलकुमारांनी परत चकार शब्द काढला नाही. आपण नवे घेतोय हे कळल्यामुळे माणसानं सबुरी धरली, असं अतीकभाई झीनतला कौतुकानं सांगायचे. त्यांचा स्वभावच तसा, दुसऱ्याचा चांगुलपणा शोधून काढणारा.

पुण्याहून पिकअप आले. अतीकभाईंनी स्वतः कथिलाचा डाग देऊन ते बसवले आणि घरच्या छोट्या ॲम्पवर तार छेडली. घूं घूं नाही, काही नाही, नुसता सूर. त्यांचे डोळे भरून आले.

पहिला कार्यक्रम मैंदर्गीला एका कंत्राटदाराच्या वाढदिवसाचा होता. मैंदर्गी झीनतचं माहेर. ती आदल्या दिवशीच गेली आणि भाऊ-भावजयीला घेऊन दुसऱ्या रांगेत बसायचं तिनं ठरवून टाकलं. आवाज मीच निवडलाय, हे तिनं सगळ्या आळीला सांगितलं होतं.

दिवेलागणीला साऊंड तपासताना अतीकभाईंना वाटलं, आपला नवा आवाज एकदा लोकांच्या जागेवरून ऐकावा. आजवर ते पायाशी ठेवलेल्या आपल्या छोट्या ॲम्पवरच स्वतःला ऐकत आले होते. लांब वायर जोडून ते मैदानात मिक्सरपाशी आले आणि तार छेडली. मोठ्या बॉक्समधून काहीच नाही. दूर स्टेजवरचा छोटा ॲम्प तेवढा किणकिणला. मिक्सरवरच्या महेश्वरला त्यांनी गिटारीची लाईन वाढवायला सांगितली.

महेश्वरनं मान वर केली नाही. "लाईन बंद हाय की चाचा. दोन महिने झाले. गिटार ट्रॅकमधनंच येतीय. तुमास्नी मालक बोलले न्हाईत व्हय?"

ढोलक आणि बेस रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गेले होते हे अतीकभाईंना माहीत होतं. गिटारही गेली हे माहीत नव्हतं. ते अनिलकुमारांकडे गेले. ते मेकअप करत होते. गुणगुणीचा ताप नको म्हणून तसं केलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही, असं त्यांनी आरशातच बघून सांगितलं.

"आजच्या दिवस लाईन चालू करा," अतीकभाई म्हणाले. "माझी माणसं आलीत."

"ट्रॅकमधली गिटार काढता येत नाही, अतीकभाई. दोन्ही वाजल्या तर गोंधळ होईल. तुम्ही फक्त उभे राहा. लोकांना गिटारवाला दिसला पाहिजे."

ते उभे राहिले. न राहून काय करणार, दुसऱ्या रांगेत झीनत मोबाईल उंच धरून बसली होती. गिटारीच्या मोठ्या तुकड्याला त्यांनी क्षणभर तारांवरून हात उचलला. गिटार वाजतच राहिली, जराही न चुकता, आणि पुढच्या रांगांनी टाळ्या दिल्या. त्यांनी हात पुन्हा खाली ठेवला.

कार्यक्रमानंतर मेव्हण्याच्या अंगणात चहा झाला. झीनतचं बोलणं थांबत नव्हतं. भावजयीला ती पुन्हा पुन्हा ऐकवत होती, किती साफ आवाज आला, तो तुकडा तर किती सुंदर वाजवला. अनिलकुमारांसमोर मूग गिळून बसलेल्या अतीकभाईंना हे मात्र सोसेना.

"वो मैं नै बजाया," ते म्हणाले. "मेरी गिटार बंद थी."

झीनत हसली, भावजयही हसली. हे असेच, कधी स्वतःची तारीफ ऐकून घेत नाहीत, झीनत लाडानं म्हणाली. मेव्हण्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि एवढा मोठा कलाकार असून गर्व म्हणून नाही, असं पोरांना सांगितलं.

अतीकभाईंनी परत सांगितलं नाही.