बटण सोडल्यावर थांबणारं मशीन

आम्ही नवरा-बायको विसरवाडीला राहतो. हायवेला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. तिथे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि बाथरूमचे प्लास्टिकचे दरवाजे तयार करतो आणि गावोगाव नेऊन बसवतो. माप घेणं आणि कापणं नवऱ्याचं, भोकं पाडणं आणि स्क्रू मारणं माझं. नव्या घरांत बहुतेक वेळा वीज आलेली नसते, त्यामुळे वायरीचं ड्रिल तिथे कामाचं नाही. बॅटरीवरचं लागतं.

आमचं पहिलं बॅटरीचं ड्रिल नंदुरबारच्या एका दुकानातून आणलेलं. दिसायला झकास होतं. घरात वर्षातून दोनदा फोटोफ्रेम टांगायला ते पुरलं असतं, पण आम्ही त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबवायचो. एकदा उंचावर चढायच्या लाकडी घोडीवरून खाली पडलं आणि बॅटरी धरून ठेवणारा खटका तुटला. नवऱ्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली आणि बॅटरी बांधून टाकली. नंतर बटण अडकायला लागलं. बोट काढलं तरी मशीन फिरतच राहायचं, मग त्याला बाजूने एक चापट मारायची, की थांबायचं. आम्हाला दोघांनाही त्या चापटीची सवय होऊन गेली.

तापीकाठच्या एका गावात केळीवाल्या शेतकऱ्याचं नवं घर होतं. मी घोडीवर उभी राहून खिडकीच्या वरच्या चौकटीत भोक पाडत होते. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला, वेणी शर्टाच्या आत. मान तिरकी करून वर बघता बघता वेणी बाहेर सरकली असणार. चौकटीत भोक पाडायचं बिट अडकलं, मशीनने हाताला हिसका दिला आणि ते सुटून माझ्या खांद्याशी आलं. मी बोट काढलं. ते थांबलं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. शेपट्याला ओढ बसली तेव्हा आधी वाटलं, मागून कुणीतरी वेणी धरली. मग वेणी गुंडाळून घेत मशीन माझ्या केसांवरून वर चढायला लागलं. मी चापट मारली, पण ती मशीनला लागलीच नाही. घरघर कानात शिरली आणि कानाच्या वर कातडं फाटल्याचा आवाज आला. नवं धोतर फाडताना येतो तसा. मी घोडीवरून खाली कोसळले, मशीन डोक्याला लटकलेलं, आणि ते अजून फिरतंय.

नवरा बाहेरून धावत आला. त्याने बॅटरी ओढली, ती निघेना, त्यानेच इतकी घट्ट बांधली होती. ट्यूब तोडायला त्याने दात लावले. शेवटी त्याने बिट धरणारं फिरतं चकच मुठीत आवळलं. तळहाताची सालटी निघाली, मोटर गुदमरली, जळका वास सुटला आणि आवाज बंद झाला. मी त्याच्या दंडाला चावले होते. मला ते आठवत नाही, त्याने नंतर वळ दाखवला.

घराची मालकीण आतून विळा घेऊन आली. जाडजूड बाई, तिने माझं डोकं सरळ स्वतःच्या मांडीत घेतलं. "हलू नको हां बेटा, आता मी कापते, अजिबात हलू नको," असं म्हणत तिने वेणी मुळाशी चिरली. विळा करकर करत होता आणि तिचे अश्रू माझ्या कपाळावर पडत होते. वेणीसकट मशीन बाजूला पडलं. फरशीवर इतकं रक्त होतं, की नवऱ्याचा पाय घसरला.

सरकारी दवाखान्यात अर्धं डोकं भादरलं आणि टाके घातले. कातड्याचा एक पट्टा जोडता आला नाही, तिथे आजही केस उगवत नाहीत. आरशात बघितलं आणि मला माझीच भीती वाटली. मी आरसा पालथा केला.

दवाखान्यातून आल्यावर मी शेडमध्ये झोपून असताना नवऱ्याने ते मशीन शेडसमोर रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि घण घेतला. खाटेवरून मला सगळं दिसत होतं. पहिल्या घावात प्लास्टिक उडालं. दुसऱ्यात चक निसटून हायवेवर गेलं आणि एका ट्रकच्या चाकाखाली आलं. नवरा थांबेना. शिव्या देत, रडत, मारत सुटला. घण बॅटरीवर बसला तशी ती फुसफुसली आणि भडकली. पांढरा धूर, वर ज्वाळा. ठिणग्या त्याच्या पँटवर उडाल्या, तरी तो मारतच होता. समोरच्या टपरीवरच्या लोकांनी त्याला कमरेला धरून मागे खेचलं आणि आगीवर वाळू टाकली.

त्या राखेतून त्याने मोडकं हँडल उचललं आणि तशीच नंदुरबारची एसटी पकडली. मी हाका मारल्या. त्याने मागे बघितलं नाही.

दुकानात काय झालं ते मला पुढे दोन्ही बाजूंनी कळलं. नवऱ्याने हँडल काउंटरवर आपटलं. दुकानदार म्हणाला, खटका तुटल्यावर दुरुस्तीला आणायचं सोडून तुम्ही ट्यूब बांधलीत, आता मला का विचारता? बोलणं खोटं नव्हतं. नवऱ्याने हँडल त्याच्या तोंडावर मारलं. भुवई फुटली. मग गोदामातले दोन हमाल आले. त्यांनी नवऱ्याला सिमेंटच्या पोत्यांवर पाडलं आणि लाथांनी तुडवलं. तो उठला, शटर ओढायच्या सळईने त्याने काच फोडली, पुन्हा मार खाल्ला. पोलीस आले म्हणून सुटका झाली. दोघांच्याही तक्रारी लिहून घेतल्या आणि त्याला घरी सोडलं.

संध्याकाळी तो दारात उभा राहिला तेव्हा पुढचा एक दात गायब होता. सोललेल्या तळहाताचं बँडेज काळं पडलेलं. पाणी प्यायच्या आधी त्याने फोन काढला.

"तुन्हा भाऊसले बलावस," तो म्हणाला. "सकाळमा जाऊत. दुकान पेटाडी देसू."

माझे तिन्ही भाऊ तापट. त्यांनी फोन उचलला असता, तर ते खरंच आले असते. मी खाटेवरून उठले, भिंत धरून त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या सुजलेल्या गालावर सणसणीत मारली. फोन खाली पडला. त्याच्या ओठातून पुन्हा रक्त आलं. माझ्या टाक्यांत अशी कळ गेली, की मी तिथेच खाली बसले.

"मन्हं डोकं फाटनं," मी ओरडले. "तुमले लढाले कोनी सांगं? दुखी ऱ्हायनं का, अस माले एकदा तरी इचारं का तुम्ही?"

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "तुन्ही गत दखीसन मन्हं डोकं फिरनं," एवढंच त्याला बोलता आलं. मग त्याने माझ्या बँडेजला बोट लावलं, अगदी हलकं, आणि विचारलं, "दुखस का?"

दुखत होतं. मी तसं सांगितलं.

दोन्ही तक्रारी मिटायला वेळ लागला. नवऱ्याने दुकानदाराची माफी मागितली, काच बसवून दिली. दुकानदाराच्या भुवईवर टाके होते, माझ्या डोक्यावर टाके होते. पोलीस ठाण्याच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, तेव्हा तो पुटपुटला, "ताई, ते मशीन रोजच्या कामाचं नव्हतंच. मी विकताना सांगायला हवं होतं." मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

नवं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा नवरा म्हणाला, मी आणतो, तू आता फक्त माप लिहून घे. मी ऐकलं नाही. ज्याने माझं डोकं फाडलं त्याच जातीचं मशीन हातात घ्यायचं, तर ते मीच निवडणार. उरलेले केस मी आधीच बारीक कापून टाकले होते. डोक्याला रुमाल बांधला आणि आम्ही नवापूरला गेलो.

तिथला दुकानदार म्हातारा, अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलणारा. मशिनं विकायचा आणि मागच्या खोलीत दुरुस्तही करायचा. त्याला मी सगळं सांगितलं. त्याने नवा डबा उघडायच्या आधी दोन मेलेली मशिनं आणली आणि स्क्रू काढून आतली चाकं दाखवली. एकातली प्लास्टिकची, दाते झिजून गोटीसारखी गुळगुळीत झालेली. दुसऱ्यातली लोखंडाची, काळी पडलेली, पण दाते शाबूत.

"बटण सोडल्यावर कोणतं लगेच थांबतं, ते दाखवा," मी म्हटलं.

त्याने चार मशिनं काउंटरवर मांडली. मी एकेक हातात घेऊन पूर्ण जोरात फिरवलं आणि बोट सोडलं. पहिलं सावकाश थांबलं. ते मी बाजूला सारलं. दुसऱ्याची बॅटरी लावताना लटपटली, तेही गेलं. तिसरं हलकं होतं, बाईमाणसाला बरं पडेल, असं म्हाताऱ्याने सुचवलं. मी त्याला सागाचा ठोकळा मागितला आणि जाड बिट लावायला सांगितलं.

ठोकळा शिकंज्यात धरलेला. बिट आत शिरलं, अडकलं आणि मशीन माझ्या हातात उलटं फिरलं. मनगट पिरगाळलं गेलं. ती घरघर ऐकताच मी किंचाळले आणि मशीन सोडून मागे फडताळावर आदळले. स्क्रूंचे डबे धडाधड खाली आले. नवऱ्याने काउंटरवरून उडी मारली आणि मूठ उगारून म्हाताऱ्याकडे वळला.

"त्याले हात लावू नका!" मी ओरडले. "हाऊ काही त्याना दोष नही."

त्याची मूठ तशीच हवेत राहिली. म्हाताराही हातात पेचकस धरून उभा होता, आणि त्याने तो भोसकला असता, याबद्दल मला शंका नाही. मग नवऱ्याने हात खाली घेतला आणि गुडघ्यावर बसून सांडलेले स्क्रू गोळा करायला लागला.

चौथं मशीन जड होतं. बाजूला धरायला वेगळी मूठ, बॅटरी खट्‌कन बसणारी. म्हातारा म्हणाला, राहू दे, मी करून दाखवतो. मी मान हलवली. दोन्ही मुठी आवळल्या, पाय रोवले आणि बिट त्याच ठोकळ्यात घातलं. ते अडकलं. एक दणका खांद्यापर्यंत आला आणि मशीन आपोआप बंद पडलं. बटण मी अजून दाबूनच धरलं होतं, तरी बंद. मी ते पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम तिरकं धरून अडकवलं, दात-ओठ खाऊन, जणू त्याला मारत होते. दणका बसला आणि थांबलं.

"हेच," मी म्हटलं.

पहिलं काम खापर गावच्या बाजाराजवळ एका घरात निघालं. वरच्या चौकटीपाशी पोचले आणि डोक्याच्या रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. नवऱ्याने खालून दोन्ही हातांनी घोडी धरली होती, गरज नसताना. मी बटण दाबलं. अॅल्युमिनियमचा चुरा तोंडावर उडाला. बोट सोडलं, थांबलं. त्या चौकटीची सगळी भोकं होईपर्यंत मी प्रत्येक भोकानंतर बोट सोडून बघत होते. घरमालक खुर्चीवरून म्हणाला, जरा हात चालवा ताई, अशाने रात्र होईल. नवरा त्याच्याकडे वळला. त्याच्या मानेची शीर ताठली, ती मला वरून दिसली. मग तो परत घोडीकडे वळला. पुढचा स्क्रू त्याने माझ्या हातात दिला.