रश्श्यापुरता हलवाई

मेश्राम गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, पल्लवीने केला. "अंकल, पापा नहीं रहे." तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच. मी 'अरेरे' म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोने विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हणालो, "ऑफिसातले एक जण गेले." ऑफिसातले एक जण... पंधरा वर्षांची ओळख मी एवढ्यात उरकली. त्याला आता सव्वा महिना झाला.

दादाराव मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. आमच्या प्रयोगशाळेत काचेची उपकरणं बनवायचे. ज्योतीवर काचेची नळी फिरवत अशी हलकी फुंकर घालायचे की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. दोन हजारनंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत लखनौत मराठी माणूस भेटला की आम्हाला कोण आनंद व्हायचा! मी विकास नगरात, ते पार तेलीबागेत. तरी रविवारी स्कूटरवर डबा घेऊन यायचे. मला 'भाऊ' म्हणायचे. सुमनवहिनींच्या हातचा पाटवडीचा रस्सा मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा खाल्ला.

म्हणूनच महाराष्ट्र दिनाच्या जेवणाला रस्सा वहिनींनी करावा, असं मी, इथल्या मराठी मंडळाचा सचिव म्हणून, सुचवलं. शंभर माणसांचा. त्यांनी मसाला भाजून, कुटून ठेवला. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ घरी आले. चहा पिता पिता म्हणाले, "माझं काही नाही हो, पण घरातल्या बायका त्यांच्या हातचं जेवणार नाहीत. उगाच बेरंग नको." मी त्यांना दाराबाहेर काढायला हवं होतं. मी त्यांना गेटपर्यंत पोचवायला गेलो. आणि मग वहिनींना फोन केला, "एवढ्या माणसांचं तुम्हाला झेपायचं नाही वहिनी, हलवाई ठरवलाय." त्या म्हणाल्या, "अच्छा... ठीक आहे."

तरी दोघं आली. पुरणपोळ्या, वरण, कोशिंबीर, सगळं कुणाकुणाच्या घरून आलेलं, आणि ज्यांनी केलं त्याच बायका वाढतही होत्या. वहिनी शेवटच्या रांगेत हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. पुढच्या बैठकीत मेश्राम उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता. "सचिवांना एकच विचारतो. हलवाई फक्त रश्श्यापुरताच का ठरवला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते ज्येष्ठ गृहस्थ चष्मा पुसत होते. मी म्हणालो, "मेश्राम, उगाच भलता अर्थ काढू नका."

ते खाली बसले. मंडळात पुन्हा आले नाहीत. प्रयोगशाळेत माझं काम मात्र पूर्वीसारखंच करून द्यायचे, फक्त आता 'सर' म्हणायचे.

काही वर्षांनी कॅन्टीनमध्ये सफाई कामगारांचे पेले वेगळ्या फळीवर ठेवतात, म्हणून त्यांनी अर्ज लिहिला. माझ्याकडे आणला. "सर, सही नाही मागत. इंग्रजी तेवढं तपासून द्या." मी तपासलं. दोन ठिकाणी क्रियापदं दुरुस्त केली आणि कागद परत दिला. पेन हातातच होतं... सही केली नाही. दोन महिन्यांत ती फळी निघाली. सगळे एकाच फळीवरच्या पेल्यांतून चहा पिऊ लागले, मीही. समता बरी असते, असं त्या दिवशी मी चारचौघांत बोललोसुद्धा.

गेल्या रविवारी तेलीबागेत गेलो. वहिनींनी पाणी दिलं. मी म्हणालो, "वहिनी, तो हलवाई... तुम्हाला झेपणार नाही म्हणून ठरवला नव्हता."

"माहीत आहे."

"मग मेश्राम मला कधी बोलले का नाहीत?"

वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बोलले ना. भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. तुम्ही उत्तर नाही दिलं."

आम्ही बसलो होतो त्या पुढच्या खोलीत तेवढ्यात माणसं यायला लागली. निवृत्तीनंतर दर रविवारी मेश्राम तिथे बसून लोकांना अर्ज लिहून देत. कुणाच्या मुलीला वर्गात मागे बसवलेलं, कुणाला जात विचारून खोली नाकारलेली. आता त्या टेबलाशी पल्लवी बसते. दारात एक म्हातारी कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. पल्लवी मला म्हणाली, "अंकल, ज़रा उठेंगे? अम्मा को बैठना है."

मी उठलो. म्हातारी बसली आणि सांगू लागली. पल्लवी मान खाली घालून लिहीत होती. मी भिंतीशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं.