सुपारीचा जिताडा

गळ पाण्यात पडून वरचं तरंगतं बूच सरळ उभं राहतं न राहतं, तोच हा माणूस उठायचा. दोन्ही हातांनी पँटची मागची माती झटकायचा, पाण्याकडे एकदा नाराजीने बघायचा आणि म्हणायचा, "हितं राम नाय. ऊठ."

तुमच्यापैकी कोणी सुट्टीच्या दिवशी गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जात असेल तर त्याला सांगायला नको की असल्या सोबत्याइतका ताप दुसरा नाही. गरवणं हा बसायचा नाद आहे. याला नाद होता, पण बसता येत नव्हतं. मासा येईल तेव्हा येईल, आधी आपणच त्याच्या शोधात गावोगाव हिंडलं पाहिजे अशी याची समजूत. एका सकाळी त्याने मला इतक्या जागांवरून उठवलं की शेवटी मी चपला काढणंच सोडून दिलं.

आम्ही दोघं रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत एकाच शिफ्टला होतो आणि पेणला रामवाडीत शेजारी राहत होतो. मी मूळचा घाटावरचा. इतकी वर्षं इथे काढूनही त्याच्या लेखी मी पाव्हणाच. "पाव्हण्या, तुमच्याकडं पाणी म्हंजी विहीर. तुला काय कळायचं?" हे तो अगदी मायेने म्हणायचा. कंपनीतही त्याचं तेच. स्टूल असून उभा. डबा खाताना येरझाऱ्या. बसमध्ये जागा मिळाली तर दुसऱ्याला देऊन दाराशी जाऊन लोंबकळणार. आमचा सुपरवायझर म्हणायचा, "ह्याला पगार दे, पण खुर्ची देऊ नको."

शिमगा सरला की पेण-रोह्याकडे आमच्यासारख्यांचे दिवस सुरू होतात. ओढे आटतात, पण कुंडलिका ऐन उन्हाळ्यात वाहती असते, कारण वर वीज करून झालेलं पाणी नदीत सोडतात. ते आलं की कोरडे खडक बघता बघता बुडतात, नि त्यावर बसलेला माणूस धावत काठाला येतो. तिकडे अंबा नदीच्या खाडीचं पाणी उन्हाने अधिक खारट होतं, आणि भरतीबरोबर खाऱ्या पाण्यातली मासळी पार नागोठण्यापर्यंत वर चढते. बोय, काळुंदर, शिंगाळी, आणि नशीब असेल तर जिताडा. जिताड्याचं नाव काढताना इकडचा माणूस आवाज जरा खाली आणतो. पाहुण्याला, जावयाला, कधी अडलेलं काम करून देणाऱ्या साहेबालाही इथे जिताडाच जातो. खाडीकडच्या गावांत तर घरामागच्या तळ्यात तो हौसेने वाढवतात.

याची बायको मुलगी शाळेत असतानाच गेली. बापलेक दोघंच. मुलगी शिकली, पेणच्या एका दवाखान्यात कामाला लागली, आणि लग्नाची झाली. सांगून येणाऱ्या स्थळांना तोटा नव्हता. पण पहिल्या स्थळाला याने बैठकीची तारीख इतक्यांदा बदलून दिली की ते लोक कंटाळून गेले. दुसऱ्या ठिकाणी, "तिकडचं पाणी मचूळ हाय," म्हणून हाच उठून आला. तेव्हा मला वाटलं, स्वभाव. जागा बदलायची सवय, स्थळांनाही लागू.

तिसरं स्थळ मात्र मुलीच्या मनात भरलं होतं. पेणजवळच्या गडबच्या पलीकडे खाडीकडचं गाव, मुलगा वायरमन, बाप मिठागरात कामाला, घरामागे तळं आणि तळ्यात जिताडे. बैठकीला मीही गेलो होतो. बोलता बोलता मुलाचा बाप म्हणाला, "आमच्या तळ्यातला खातो, जाळ्यातला खातो. पर गरीचा जिताडा खाऊन लय वरसं झाली." गरी म्हणजे गळाचा आकडा. झालं! हा ताडकन उठला नि म्हणाला, "मंग ठरलं. माझ्या गरीचा जिताडा तुमच्या पानात वाढीन आणि त्याच दिवशी सुपारी फोडू. त्याच्या आधी नाय."

सगळ्यांना ते फार आवडलं. सुपारी फुटली म्हणजे लग्न पक्कं, आणि तीही अशा थाटात. माना डोलल्या, चहा फिरला. फक्त दाराआड उभ्या मुलीने कपाळावर हात मारलेला मी पाहिला.

त्यानंतर दर सुट्टीला आम्ही निघायचो आणि हात हलवत यायचो. निरोप जायचा, "अजून घावला नाय." चैत्र गेला, वैशाख निम्मा सरला. एके दिवशी तिकडून निरोप आला की आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आत काय ते सांगा, मुलाला दुसरीकडूनही विचारणा आहे. या सुट्टीपर्यंत वाट बघतो, पुढे नाही.

त्या सुट्टीच्या पहाटे मी त्याच्या दाराशी गेलो तर मुलगी बाहेर आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, आज बाबांना एका जागी बसवा. तुमच्या पाया पडते."

"अगं, मासा काय माझ्या हातात आहे?"

"मासा नाय ओ. बाबा. जिताडा कुठं घावतो ते काय त्यांना ठावं नाय? त्यांना धरायचाच नाय तो." तिचे डोळे भरले होते, पण आवाज चिडका होता. "मला सरळ नको म्हणायचं तर म्हणतील काय? नाय म्हणणार. नुसतं फिरणार."

मी मोटारसायकलवर त्याच्या मागे बसलो खरा, पण त्या दिवशी प्रथमच त्याच्याकडे नीट बघत होतो. आधी त्याने रोह्याला नेलं. नदीत बसलो तोच वरचं पाणी आलं. "थंड पाणी आलं. हितं राम नाय." असल्या थंड पाण्यात जिताडा येत नाही हे मलासुद्धा एव्हाना माहीत झालं होतं. तिथून नागोठणे. तिथे अंबा नदीच्या काठी पोरं पोहत होती. "कालवा करतात. ऊठ." ऊन चढलं, रस्त्याचं डांबर चिकटायला लागलं. पुढे एका ओढ्यावर घेऊन गेला, त्यात गुडघाभर पाणी नि म्हशी. तिथेही त्याने प्रामाणिक चेहऱ्याने गळ टाकला. मला एवढा संताप आला की काय सांगू! एका म्हशीने आमच्याकडे बघितलं, तिलाही पटलेलं दिसत नव्हतं.

"आता उघाडीवर चल," मी म्हणालो.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरतीला ते आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं, आणि आतल्या खाजणातलं, म्हणजे खाऱ्या दलदलीतलं, पाणी बारक्या मासळीसकट खाडीत पडतं. ती खायला जिताडा दाराबाहेर येऊन उभा राहतो. गडबच्या बाजूला अशी एक उघाडी होती, आणि इतक्या सुट्ट्यांत हा मला तिथे एकदाही घेऊन गेला नव्हता. कारणं सांगायला लागला. वारा पडलाय, भांगाचं पाणी हाय, जोर नाय त्याला, उशीर झालाय. मी ऐकलं नाही. तिथे पोहोचल्यावर मोटारसायकलची किल्ली काढून खिशात टाकली नि बांधावर बैठक मारली.

"किल्ली दे."

"मासा दे, मग किल्ली."

त्याने जिवंत कोळंबी गरीला लावली, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडला आणि त्या बांधावर येरझाऱ्या घालायला लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. लांबवर मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना टोचत होते. पाणी अजून उतरायला लागलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"पाव्हण्या, खरं सांगू? पोरगा चांगला हाय. मानसं बी चांगली हायत."

"मग?"

"मंग काय? ती गेली की शिफ्ट सुटल्यावर मी कंच्या घरी येऊ?"

मला वाईट वाटलं, आणि त्याचा रागही जाईना. मी म्हणालो, "ती सकाळी रडत होती." तो खाली बघत राहिला, मग हळूच माझ्या शेजारी बसला. खरंच बसला, पाय लांब करून.

ओहोटी लागली. उघाडीचं दार कुरकुरलं आणि आतलं पाणी पांढरं होऊन खाडीत पडायला लागलं. किती वेळ गेला कोण जाणे, एकाएकी तंगूस त्याच्या बोटांतून सरसर धावला. पन्नास पावलांवर जिताडा पाण्याबाहेर उसळला, तोंड उघडं, डोकं झटकत. याच वेळी तंगूस सैल सोडला तर तो गरी थुंकून मोकळा होतो. हे त्यानेच मला शिकवलं होतं. मी बघितलं तर त्याच्या बोटांत तंगूस ढिला पडत होता. तो ओढत नव्हता. माशाकडे नुसता बघत उभा होता.

मी ओरडलो नाही. ओरडायला हवं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. जिताडा दुसऱ्यांदा उसळला. तेव्हा त्याने एक मोठा श्वास घेतला, तंगूसाला हाताभोवती वेढा दिला आणि ओढला. तळवा कापला, रक्त आलं, तरी सोडला नाही. मासा बांधावर आला तेव्हा तो गुडघ्यांवर बसून त्याच्या तोंडातली गरी काढत होता, नि एखादी वाईट बातमी सांगावी तसा म्हणाला, "घावला."

घरी मुलीने दार उघडलं. आधी मासा बघितला, मग बापाचा हात. पाण्याचा तांब्या आणला, जखम धुतली, फडकं बांधलं. मग विचारलं, "बाबा, बसलात?"

"बसलो गो."

ती एकदम त्याच्या गळ्यात पडली. मी पुढच्या गोष्टी बघायला थांबलो नाही, माझ्या घरी गेलो. निरोप गेला, त्याच दिवशी संध्याकाळी गडबकडची माणसं आली, माशाच्या तोंडातली गरीची खूण सगळ्यांनी हात लावून बघितली, जिताडा त्यांच्या पानात पडला आणि सुपारी फुटली.

आगोटीच्या आत लग्न लागलं. पाऊस सरल्यावर आमच्या सुट्ट्या पुन्हा सुरू झाल्या, पण आता फिरणं नव्हतं. थेट उघाडी. तिच्या सासरचं परसू तिथून दिसायचं. ती धुणं वाळत घालायला यायची, लांबूनच हात करायची. मी म्हणायचो, "जा की घरात, दोन घास खा." तो मान हलवायचा. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्याच्या घराण्याची जुनी रीत. सगळे जण आता ती पाळतातच असं नाही. व्याह्यांनी हात धरून ओढलं, जावयाने विनवलं. हा बांधावर बसून राहिला. ती तांब्या भरून घेऊन यायची, तो तिच्याकडे बघून हसायचा नि घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचा. "होईल गो. घाई काय हाय?" म्हणायचा. आयुष्यभर जागा बदलणाऱ्या माणसाने धीर धरायला नेमकी हीच वेळ निवडली.

दुसऱ्या वर्षीच्या शिमग्याआधी तो कंपनीतच छातीत कळ येऊन पडला. उभ्याउभ्याच. आम्ही धरेपर्यंत खेळ संपला होता. तेव्हा ती पोटुशी होती, आणि त्याला ते ठाऊक होतं. खिशात शेंगदाण्याची चिक्की घेऊन तो शिफ्टभर सगळ्यांना वाटत फिरला होता.

मी त्या बाजूला जायचं टाळत होतो. बाळ रांगायला लागल्याचं कळलं तेव्हा मात्र राहवेना. गेलो. तिने बाळाला झोळीत घातलं, काही न विचारता पाट मांडला, जिताड्याचं कालवण नि भात वाढला. मी म्हणालो, "पोरी, मी जेवून आलोय."

"काका, बाबांनी ह्या घरात माझ्या हातचा एक घास खाल्ला नाय," ती म्हणाली. मग ती समोर भिंतीला टेकून बसली आणि माझ्या ताटाकडे बघत राहिली.

मी जेवायला लागलो. पोट भरलेलं होतं, पण ती बघत होती. ताटातलं सगळं संपवलं आणि ताट पुढे करून म्हणालो, "आणखी भात वाढ."